पोकळ टोकाचा छर्रा नेमका कधी उघडतो? एअर रायफलच्या चाचण्यांच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवल्यापासून आमच्या ओळखीतल्या अनेक मुलांच्या हाती एअर रायफल आली आहे, आणि त्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाचा एक प्रश्न ठरलेला असतो: दुकानात महाग मिळणारे हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला खळगा असलेले छर्रे, साध्या छर्ऱ्यांपेक्षा खरोखर चांगले असतात का? डब्यावर लक्ष्यात शिरताना टोक पसरून उमललेल्या छर्ऱ्याचे चित्र असते, त्यामुळे तो प्रत्येक वेळी तसाच उमलतो असा समज होतो. हा समज मोजून तपासावा, यासाठी हे काम हाती घेतले आहे. पुढे कोणी हेच करू पाहील तर त्याचा वेळ वाचावा, म्हणून नोंदी ठेवत आहे.

कामाची मर्यादा आधीच आखून घेतली. शस्त्र नियम २०१६ नुसार ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअर रायफल परवान्याशिवाय बाळगता येते. सर्व चाचण्या याच मर्यादेत होतील. पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंच नळीच्या रायफलची साधी गोळी नळीतून बाहेर पडताना साधारण १४० ज्यूल ऊर्जा घेऊन निघते, म्हणजे तो सर्वस्वी वेगळा आणि परवान्याचा विषय आहे. कोणत्याही पक्ष्यावर किंवा प्राण्यावर छर्रा झाडायचा नाही, हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये; तरीही मुले वाचतील म्हणून लिहून ठेवतो.

दोन रायफली उपलब्ध आहेत. एक माझी स्वतःची, नळी मोडून भरायची स्प्रिंगची, आणि दुसरी शेजारच्या मुलाची, हवेच्या सिलिंडरवर चालणारी दहा मीटर स्पर्धेची.

१९ जानेवारी

आजचा दिवस वजन आणि मापात गेला. कोल्हापूरच्या गुजरीत सोनारांना तराजू पुरवणाऱ्या दुकानातून एक मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा ३,२०० रुपयांना घेतला. खर्च जड वाटला, परंतु अर्ध्या ग्रॅमच्या वस्तूतला फरक साध्या काट्यावर दिसतच नाही.

तीन प्रकारचे छर्रे घेतले आहेत: स्पर्धेत वापरतात ते चपट्या तोंडाचे, सरासरी ०.५३ ग्रॅम, गोल डोक्याचे, ०.५५ ग्रॅम, आणि हॉलो पॉइंट, ०.४५ ग्रॅम. हॉलो पॉइंटचा पाचशेचा आयात डबा १,३५० रुपयांना पडला. त्याच्या वजनात डब्यातल्या डब्यात सर्वांत जास्त तफावत आढळली, आणि भिंगाखाली पाहिल्यावर तिचे कारणही दिसले: काही छर्ऱ्यांच्या खळग्यात शिशाचा बारीक कीस चिकटलेला होता. याशिवाय काहींचा मागचा घेर वाहतुकीत दबून अंडाकृती झाला होता. हा घेर नळीत फुगून हवा अडवतो. तो एका बाजूने चेपलेला असेल तर हवा तिथूनच निसटते आणि वेग तर जातोच, शिवाय छर्रा नळीतून तिरका निघतो. चेपलेले छर्रे बाजूला काढले, उरलेले दहा मिलिग्रॅमच्या टप्प्यांत वेगळे केले आणि सर्व चाचण्यांसाठी एकाच टप्प्यातले राखून ठेवले.

२ फेब्रुवारी

वेग मोजण्याचा क्रोनोग्राफ आला. दोन प्रकाशसंवेदकांवरून छर्ऱ्याची सावली जाण्यास किती वेळ लागला, यावरून तो वेग काढतो. घरातल्या लांब खोलीत ट्यूबलाइटखाली मांडला, तेव्हा एकाच छर्ऱ्याचे वेग कधी १९०, कधी ३१० मीटर प्रतिसेकंद असे येऊ लागले. मधूनमधून छर्रा न झाडताही आकडा उमटे. दोष यंत्राचा नव्हता. पन्नास हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो आणि संवेदक त्यालाच सावली समजतो. ट्यूबलाइट बंद करून बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी एलईडी पट्टी वर लावली आणि तिच्याखाली दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा ठेवला. त्यानंतर आकडे स्थिर झाले.

तरीही स्प्रिंगच्या रायफलचे सुरुवातीचे वेग संशयास्पद होते. हॉलो पॉइंट २८० च्या पुढे जात होता, नळीतून निळसर धूर निघत होता आणि जळक्या तेलाचा वास येत होता. रायफल विकत घेतानाच तिच्या हवेच्या कोठीत तेल जास्त पडलेले होते, आणि दट्ट्या हवा दाबतो त्या उष्णतेने ते तेल पेट घेत होते. डिझेल इंजिनात होते तेच. अशा वेळी मोजलेला वेग रायफलचा नसून तेलाचा असतो, शिवाय ऊर्जा कायद्याच्या मर्यादेकडे सरकते आणि स्प्रिंग व वॉशरचे नुकसान होते ते वेगळेच. नळी कोरड्या चिंधीने स्वच्छ केली आणि वास पूर्ण जाईपर्यंत जड छर्रे झाडत राहिलो. या एका गोष्टीत सबंध दुपार गेली.

नंतर स्थिरावलेले वेग असे: हॉलो पॉइंट २४०, चपटे २२२ आणि गोल डोक्याचे २१६ मीटर प्रतिसेकंद. ऊर्जा तिन्हींची १३ ज्यूलच्या आसपास. स्पर्धेच्या रायफलमधून चपटा छर्रा १७२ ने आणि हॉलो पॉइंट १८३ ने निघतो. हलका छर्रा वेगाने निघतो, एवढेच येथपर्यंत सिद्ध झाले. पुष्कळ जण येथेच थांबून हॉलो पॉइंटला ‘पॉवरफुल’ म्हणतात.

९ फेब्रुवारी

पंचवीस मीटरसाठी घर पुरत नाही, म्हणून करवीर तालुक्यातील नातेवाइकांच्या शेतात जागा पाहिली. ओढ्याची उंच दरड मागे असलेली जागा उत्तम वाटली होती, परंतु दरडीच्या डाव्या अंगाला ऊस उभा होता. उभा ऊस भिंतीसारखा दिसतो खरा, पण तो छर्रा अडवत नाही आणि आत कोण आहे तेही कळू देत नाही; तोडणीच्या हंगामात त्या सऱ्यांत माणसे असतातच. ते रान तुटून मोकळे होईपर्यंत तेथे एकही छर्रा झाडायचा नाही असे ठरवले आणि तोवर दहा मीटरचे काम घरीच उरकले.

मधल्या काळात छर्रे अडवण्याची पेटी तयार केली. पहिली पेटी फाउंड्रीच्या वाळूची होती, कारण उद्यमनगरात ती सहज मिळते. वाळू छर्रा थांबवते, पण त्याच्याबरोबर शिशाची पूड होते आणि ती वाळूत मिसळून धुळीवाटे हवेत येते. म्हणून ती वाळू झाकणाच्या डब्यात भरून बाजूला केली आणि टायर रिमोल्डिंगवाल्याकडून रबराचा चुरा आणून पेटी त्याने भरली. पुढे शाडूची पातळ थापी आणि मागे रबर, अशी रचना शांत चालते आणि छर्रे जवळजवळ अखंड परत मिळतात.

१६ फेब्रुवारी

आज अचूकता तपासली. दहा मीटरवर स्पर्धेच्या रायफलने चपट्या छर्ऱ्यांचा पाच फैरींचा ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर पडलेल्या भोकांचा पुंजका, एकाच भोकात बसला. हॉलो पॉइंटचा ग्रुप त्याच रायफलने साधारण दीडपट पसरला. स्पर्धेच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो, तेव्हा हा फरक लहान नाही. शिवाय चपटा छर्रा कागदात पंच मारल्यासारखे स्वच्छ गोल भोक पाडतो, तर हॉलो पॉइंटने कागदाची कड फाटते आणि कडेवरचा नेम मोजताना वाद उभा राहतो. स्पर्धेचा सराव करणाऱ्या मुलाने तरी हा डबा विकत घेण्याचे कारण उरत नाही.

स्प्रिंगच्या रायफलचे ग्रुप मात्र सुरुवातीला सर्वच छर्ऱ्यांचे वाईट येत होते. कारण टेकू होता. घट्ट भरलेल्या वाळूच्या पिशवीवर ती रायफल उसळते, कारण स्प्रिंग सुटताना रायफल आधी मागे आणि दट्ट्या थांबताना पुढे झटका देते, आणि हे दोन्ही झटके छर्रा नळीत असतानाच होतात. पिशवी काढून डाव्या हाताचा तळवा मोकळा खाली ठेवला, रायफल त्यावर नुसती विसावू दिली, आणि ग्रुप निम्म्यावर आले.

२३ फेब्रुवारी

छर्रा उघडतो की नाही हे पाहण्यासाठी पहिले माध्यम म्हणून शाडू घेतली. बापट कॅम्प परिसरातल्या एका कुंभारकाकांकडून भिजवलेली शाडू आणली. त्यांनी हाताने दाबून पाहिली आणि म्हणाले, “आज वापरू नगासा, उद्यापत्तोर मुरू द्या, आत कोरडं गोळं ऱ्हात्यात.” वेळ वाचवण्यासाठी अर्धी माती त्याच दिवशी वापरून पाहिली, आणि काकांचे म्हणणे तंतोतंत खरे ठरले: शेजारी शेजारी मारलेल्या दोन छर्ऱ्यांपैकी एक निम्म्या खोलीवर कोरड्या गोळ्यात अडकून चेपला होता, दुसरा सरळ आत गेला होता.

मुरलेल्या मातीत निकाल एकसारखे आले. प्रत्येक लादीवर ठरावीक उंचीवरून बेअरिंगचा एकच पोलादी गोळा टाकून खळग्याची खोली मोजली आणि ती जुळली तरच लादी वापरली. दहा मीटरवर स्प्रिंगच्या रायफलमधला हॉलो पॉइंट मातीत चांगला पसरला, परंतु गोल डोक्याचाही टोकाला बराच चेपला. म्हणजे मातीच्या कठीणपणामुळे होणारा चेपा आणि खळग्यामुळे होणारे उमलणे यांत शाडू फरक करू देत नाही. त्यासाठी जिलेटिन लागणार.

८ मार्च

गोळ्या-छर्ऱ्यांच्या चाचणीसाठी जिलेटिनचा मऊ ठोकळा वापरण्याची प्रमाणित रीत ठरलेली आहे: वजनाने दहा टक्के जिलेटिन, चार अंश सेल्सिअस तापमान, आणि पडताळणीसाठी ४.५ मिलिमीटरचा पोलादी बीबी (छोटा गोल गोळा) सेकंदाला सुमारे १८० मीटर वेगाने मारला तर तो साडेआठ सेंटिमीटर खोल जायला हवा, एक सेंटिमीटर कमी-जास्त. पडताळणीचे साधन एअर गनच्याच मापाचे आहे, ही आपल्यासारख्यांची मोठी सोय. मात्र पोलादी बीबी रायफलच्या आट्यांच्या (आतून वळणदार खाचा असलेल्या) नळीतून मारू नये, आटे झिजतात. त्यासाठी एका मित्राची गुळगुळीत नळीची जुनी एअर गन आणली. बीबी कठीण वस्तूवरून परत उसळतो, म्हणून चष्मा आणि मागे रबराची पेटी याशिवाय तो वापरू नये.

लक्ष्मीपुरीतून बेकरीसाठीचे जिलेटिन किलोला ९०० रुपये दराने आणले. पहिला ठोकळा पूर्ण वाया गेला. जिलेटिन लवकर विरघळावे म्हणून ते गॅसवर उकळले गेले, आणि उकळलेल्या जिलेटिनची पकड कायमची कमी होते. ठोकळा दिसायला ठीक होता, पण बीबी बारा सेंटिमीटरच्या पुढे गेला. त्या ठोकळ्यात मोजलेली प्रत्येक खोली निरर्थक ठरली असती. आधी बीबी मारल्यामुळे निदान छर्रे वाचले.

दुसऱ्या वेळी जिलेटिन थंड पाण्यात दोन तास फुगू दिले आणि नंतर पातेले गरम पाण्याच्या परातीत ठेवून पंचावन्न अंशांच्या वर जाऊ न देता विरघळवले. वर फेस येतो, तो दालचिनीच्या तेलाच्या दोन-चार थेंबांनी बसतो. त्याच तेलाने ठोकळ्याला बुरशीही उशिरा येते. साच्याला पाव भाजण्याचे ॲल्युमिनियमचे लांब डबे वापरले आणि ते फ्रिजमध्ये दीड दिवस ठेवले. ही भांडी आता स्वयंपाकघरात परत जाणार नाहीत, कारण त्यांत शिसे पडलेले असते.

१५ मार्च

ऊस तुटून रान मोकळे झाले, दरडीपर्यंत सर्व स्वच्छ दिसू लागले, म्हणून ठोकळे शेतात नेले. मार्चच्या उन्हात ठोकळा पोहोचेपर्यंत बाहेरून मऊ पडला आणि बीबी अकरा सेंटिमीटर गेला. आतला भाग थंड असूनही पृष्ठभाग अंगठ्याने दबत होता. सगळे परत आणावे लागले.

उपाय मासळी बाजारात मिळाला. मासळी येते तो थर्माकोलचा जाड खोका, तळाला बर्फ, त्यावर लाकडी फळी आणि फळीवर ठोकळा, अशा रीतीने सकाळी लवकर निघालो आणि खोक्याचे एक तोंड फक्त फैर झाडण्यापुरते उघडले. बर्फाला ठोकळा थेट टेकू द्यायचा नाही, खालचा थर गोठतो. आता बीबी ८.३ सेंटिमीटरवर थांबला. ठोकळा दर अर्ध्या तासाने बीबीने पुन्हा तपासला.

२३ मार्च

संपूर्ण प्रकल्पात जे शोधत होतो ते आज मिळाले, म्हणून ही नोंद सविस्तर लिहितो.

स्प्रिंगच्या रायफलमधून दहा मीटरवर हॉलो पॉइंट सुमारे २१६ मीटर प्रतिसेकंद वेगाने ठोकळ्यावर पोहोचतो. तेथे तो उघडला: बाहेर काढलेल्या छर्ऱ्यांचा व्यास ५.६ ते ५.९ मिलिमीटर, खळग्याची कड बाहेर वळून तिच्यावर तीन-चार चिरा, आणि खोली सरासरी साडेसात सेंटिमीटर. गोल डोक्याचा छर्रा त्याच अंतरावर जराही न बदलता तेरा सेंटिमीटर गेला. त्याच्यावर नळीच्या आट्यांच्या रेघाही जशाच्या तशा होत्या.

पंचवीस मीटरवर चित्र पालटले. हॉलो पॉइंटचा पोहोचण्याचा वेग १८४ वर आला होता आणि छर्रा ४.७ ते ४.९ मिलिमीटरच राहिला. खळग्याची कड किंचित गोलावली होती, एवढेच. खोली मात्र दहा सेंटिमीटर, म्हणजे वेग कमी असूनही जवळच्या अंतरापेक्षा जास्त. हा आकडा प्रथम चुकीचा वाटला, म्हणून ठोकळा बदलून, पुन्हा बीबी मारून सर्व तपासले. आकडा तोच आला. कारण साधे आहे. जवळून मारलेला छर्रा उघडतो आणि रुंद तोंडाने अडतो. दुरून मारलेला उघडत नाही, त्यामुळे कमी वेगातही अधिक आत सरकतो. स्पर्धेच्या रायफलमधून दहा मीटरवरही, जेथे वेग १६५ च्या आसपास असतो, तो उघडला नाहीच.

एक छोटा हिशोब या निकालाशी जुळतो. खळग्यात शिरणाऱ्या ओल्या माध्यमाचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो: १६५ वर तो पाण्यासाठी सुमारे साडेतेरा मेगापास्कल, १८४ वर सतरा, आणि २१६ वर तेवीस. शुद्ध शिशाची ताण सहन करण्याची क्षमता साधारण बारा ते सतरा मेगापास्कलच्या पट्ट्यात असते. म्हणजे १८४ ला दाब शिशाच्या ताकदीशी नुकती बरोबरी करतो आणि २१६ ला स्पष्ट मात करतो. शिशात अँटिमनी मिसळून ते कठीण केलेले असेल तर हा उंबरठा आणखी वर जातो. डब्यावर ते बहुधा लिहिलेले नसते, नखाने ओरखडा काढून अंदाज घेता येतो.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. गोल डोक्याचा छर्रा नळीतून २१६ ने निघून पंचवीस मीटरवर १८४ नेच पोहोचतो, म्हणजे सुरुवातीला चोवीस मीटर प्रतिसेकंदांनी पुढे असलेला हॉलो पॉइंट तेथपर्यंत सगळी आघाडी गमावतो. त्याचे उघडे तोंड हवेतही अडते. तेथे त्याची ऊर्जा ७.६ ज्यूल उरते, गोल डोक्याच्या छर्ऱ्याची ९.३. म्हणून ज्या अंतरावर त्याचे उघडणे थांबते, त्याच अंतरावर तो ऊर्जेतही मागे पडलेला असतो. सुमारे दोनशे मीटर प्रतिसेकंदाच्या खाली पोहोचणारा हॉलो पॉइंट हा वाईट उडणारा महागडा साधा छर्रा आहे, असे माझे स्पष्ट मत या मोजणीवरून बनले आहे, आणि २० ज्यूलच्या आतल्या बहुतेक रायफलींमध्ये वेग दहा-वीस मीटरच्या आतच या उंबरठ्याखाली येतो.

या प्रकारच्या गोळीचा इतिहास आपल्याच देशातून जातो. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उमलणारी रायफलची गोळी तयार झाली आणि १८९९ च्या हेग घोषणेने युद्धात तिच्या वापरास बंदी घातली. त्या गोळ्यांचा वेग या छर्ऱ्यांच्या दुपटीहून अधिक होता. त्यांच्या कीर्तीवरून एअर रायफलच्या छर्ऱ्याविषयी काही ठरवणे, हीच मुळात गल्लत आहे.

६ एप्रिल

आवराआवर. वापरलेले जिलेटिन नाल्यात किंवा शेतात टाकू नये, त्यात शिशाचे कण असतात. कोमट पाण्यात वितळवून जाड कापडातून गाळले, कापडावरचे शिसे आणि पेटीतले छर्रे झाकणाच्या एकाच डब्यात भरले, आणि फाउंड्रीच्या वाळूसह ते शिसे गोळा करणाऱ्या अधिकृत भंगार व्यावसायिकाकडे द्यायचे ठरवले आहे. छर्रे हाताळल्यावर हात साबणाने धुणे आणि तोवर काही न खाणे, हा नियम मुलांकडून सक्तीने पाळून घ्यावा. तोंडात छर्रे धरून भरण्याची सवय काहींना असते, ती पहिल्याच दिवशी मोडावी.

क्रोनोग्राफ सोडून खर्च आठ हजारांच्या थोडा वर गेला. त्यात सर्वांत मोठा वाटा तराजूचा, त्याखालोखाल जिलेटिन आणि छर्ऱ्यांचा. ज्याला फक्त हीच चाचणी पुन्हा करायची आहे, त्याने शाडूचा टप्पा गाळून थेट जिलेटिनपासून सुरुवात करावी, आणि शक्य असेल तर डिसेंबर-जानेवारीत करावी, म्हणजे ठोकळा थंड ठेवणे सोपे जाईल. शेजारच्या मुलाने आपला हॉलो पॉइंटचा न उघडलेला डबा दुकानात परत करून चपट्या छर्ऱ्यांचे दोन डबे घेतले आहेत. माझ्या डब्यात उरलेल्या छर्ऱ्यांवर पुढच्या थंडीत पंधरा आणि वीस मीटरची मोजणी करायची आहे, कारण उघडण्याचा नेमका उंबरठा या दोन अंतरांच्या मध्येच कोठेतरी असावा.